गिरमिटाची चौकशी आणि गिरमिटियांचा कैवार



गिरमिट म्हटले की आपल्याकडे सुताराचे हत्यार डोळ्यांपुढे येते. लाकडात हळूहळू फिरत आत शिरणारे आणि भोक पाडणारे. परंतु आज मी ज्या गिरमिटाविषयी बोलणार आहे ते 'ॲग्रीमेंट' या इंग्रजी शब्दाचे अपभ्रष्ट रूप होय. उत्तर हिंदुस्थानातल्या आणि मद्रासकडच्या खेडुतांनी ज्या कागदावर अंगठा उठवला आणि समुद्रापलीकडच्या उसाच्या मळ्यांत पाच वर्षांसाठी स्वतःला बांधून घेतले, त्या कागदाला ते 'गिरमिट' म्हणत, आणि अशा रीतीने गेलेला तो 'गिरमिटिया'. शब्द निराळा, उगम निराळा. पण माणसाच्या आयुष्यात शिरण्याची रीत मात्र त्या सुताराच्या हत्यारासारखीच.

या गिरमिटाची संपूर्ण कथा सांगायची तर ही एक संध्याकाळ पुरणार नाही. मी फक्त एका प्रश्नापुरतेच बोलणार आहे. ही पद्धत १८३४ पासून १९२० पर्यंत, म्हणजे जवळजवळ शहाऐंशी वर्षे चालली. या काळात तिच्या चौकश्या किती झाल्या! समित्या बसल्या, कमिशने आली, हजारो पानांचे अहवाल छापले गेले. प्रत्येक अहवालात दोष दाखविलेले आहेत. तरीही पद्धत चालूच राहिली. मग १९१५ साली दोन माणसे कोणताही सरकारी अधिकार नसता फिजी बेटात गेली, थोडे आठवडे राहिली, एक छोटा अहवाल लिहून परत आली, आणि पाच वर्षांत ती पद्धत संपली. असे का व्हावे? अगोदरच्या चौकश्यांत काय उणे होते? परमुलखात पोटासाठी गेलेल्या माणसाच्या हक्कांची चौकशी करणे आणि त्याचा कैवार घेणे, या दोन कामांचा परस्परसंबंध काय, हा माझा आजचा विषय.

प्रथम हकीकत थोडक्यात सांगतो. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ साली झाला. उसाच्या मळेवाल्यांपुढे प्रश्न उभा राहिला की, आता ऊस कोणी लावायचा आणि कोणी तोडायचा? उत्तर हिंदुस्थानात सापडले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' नावाचे जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदराला लागले. तेथून हा ओघ सुरू झाला. १८३८ मध्ये ब्रिटिश गियाना, पुढे त्रिनिदाद, जमैका, १८६० मध्ये नाताळ, १८७९ मध्ये फिजी. एकट्या मॉरिशसमध्ये सुमारे साडेचार लाख माणसे उतरली. मुंबई बंदरातूनही काही जहाजे गेली. आज मॉरिशसमध्ये जो मराठी समाज आहे, गणपती बसवतो आणि आपल्या मुलांना मराठी शिकवतो, तो त्याच जहाजांतून गेलेल्या माणसांचा वंश होय. तेव्हा ही कथा अगदीच परक्या घरची नाही.

कराराचे स्वरूप कसे होते ते फिजीच्या उदाहरणावरून पाहू. मुदत पाच वर्षांची. ठरवून दिलेले काम पुरे केले तर पुरुषाला दिवसाला एक शिलिंग व स्त्रीला नऊ पेन्स. राहण्यास लांबच लांब चाळी. त्यांना 'लाइनी' म्हणत. दहा फूट लांब व सात फूट रुंद अशी एकेक खोली, तीत तीन सडे पुरुष किंवा एक जोडपे व त्यांची मुले. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया असल्याच पाहिजेत असा नियम. म्हणजे साठ पुरुष कुटुंबाविना राहणार हे नियमातच गृहीत धरलेले! पाच वर्षे पुरी झाल्यावर पदरच्या पैशाने परत यावे, किंवा आणखी पाच वर्षे त्या बेटावर काढावी आणि मग फुकट परतीचा हक्क मिळवावा.

यात जाचाचा खरा खिळा कोणता, तर शिक्षेचा. काम चुकले, कमी पडले किंवा मजूर गैरहजर राहिला, तर तो दिवाणी करारभंग नव्हे, फौजदारी गुन्हा. आपल्याकडे घर बांधणाऱ्या गवंड्याने दांडी मारली तर आपण त्याची मजुरी कापू. त्याला तुरुंगात घालणार नाही. गिरमिटियाला दंड होई आणि तुरुंगही होई. आणि मौज अशी की, हिंदुस्थानात ज्या कागदावर त्याचा अंगठा घेत, त्यात या शिक्षांचा उल्लेखच नसे. भरती करणारा आरकाटी दर माणशी दलाली घेई. बाई मिळवून दिली तर दलाली अधिक. अशा माणसाकडून खरी माहिती मिळण्याची आशा कोणी करावी?

आता चौकश्यांकडे वळू. अगदी आरंभीच, १८३९ साली, गुलामगिरीविरोधी चळवळीतले जॉन स्कोबल ब्रिटिश गियानात जाऊन आले आणि तेथील मजुरांची दैना त्यांनी इंग्लंडात सांगितली. हिंदुस्थान सरकारने त्याच वर्षी मजुरांची निर्यात बंद केली. १८४० साली वसाहतींचा कारभार पाहणारे मंत्री लॉर्ड जॉन रसेल यांनीही लिहून ठेवले की, यातून गुलामगिरीचीच एक नवी तऱ्हा निपजेल अशी भीती वाटते व तिची जबाबदारी घेण्यास आपण तयार नाही. पण बंदी टिकली किती? १८४२ साली मॉरिशससाठी आणि १८४४ साली वेस्ट इंडीजसाठी दरवाजा पुन्हा उघडला. साखरेचे वजन फार मोठे असते!

पुढे १८६९ साली द व्हो नावाच्या अधिकाऱ्याने लंडनला एक लांबलचक पत्र धाडले. हा गृहस्थ ब्रिटिश गियानात मॅजिस्ट्रेट होता. मॅजिस्ट्रेट, डॉक्टर, मजुरांचा संरक्षक अधिकारी, सारे मळेवाल्यांच्या ओंजळीने पाणी पितात, हे त्याने पाहिले होते. पत्रामुळे १८७० साली रॉयल कमिशन बसले. परंतु त्याने ते पत्र बदली झाल्यावर, बहुतांशी आठवणीवर विसंबून लिहिले होते. कमिशनपुढे अनेक आरोपांचा पुरावा त्याला देता आला नाही. पुष्कळ गोष्टी खऱ्या ठरल्या, पण जेथे पुरावा कमी पडला तेथे मळेवाल्यांना हसायला जागा मिळाली. कैवार घेणाऱ्याने ध्यानात धरावा असा हा पहिला धडा : दहा खऱ्या गोष्टींबरोबर एक सिद्ध न होणारी गोष्ट सांगितली, तर विरोधक त्या एकीलाच धरून बसतो, आणि तिची किंमत आपल्याला नव्हे, ज्याचा कैवार आपण घेतला त्या गरिबाला द्यावी लागते.

मॉरिशसमधला आदोल्फ द प्लेव्हिट्झ याहून सावध होता. तो स्वतः सासऱ्याच्या मळ्यावर व्यवस्थापक होता. म्हणजे शत्रूच्या गोटातलाच माणूस. गिरमिट पुरे केलेल्या जुन्या मजुरांनाही तेथे स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना सतत जवळ बाळगावा लागे. तो घरी विसरला किंवा हरवला तर भटक्या म्हणून पोलिस धरून नेत. द प्लेव्हिट्झने १८७१ साली या जुन्या मजुरांचा अर्ज तयार केला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या व निशाण्या होत्या. गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांच्याकडे तो अर्ज गेला. मळेवाले खवळले. द प्लेव्हिट्झला भर रस्त्यात मारहाण झाली, त्याला बेटाबाहेर हाकलावे म्हणून उलट अर्ज झाला. गॉर्डनने तो मानला नाही. १८७२ साली येथेही रॉयल कमिशन आले आणि त्याने अर्जातील मुख्य तक्रारी खऱ्या ठरविल्या. कायदे सुधारले.

हे सगळे ऐकून आपल्याला बरे वाटेल. पण पुढची गोष्ट ऐका. ज्या गॉर्डनने मॉरिशसमध्ये मजुरांच्या कैवाऱ्याला आसरा दिला, तोच गॉर्डन फिजीचा गव्हर्नर झाल्यावर फिजीच्या मूळ रहिवाशांना मळ्यांपासून वाचविण्यासाठी त्याने हिंदी गिरमिटिये आणविण्याची योजना केली. आणि ज्या द व्होने ते पत्र लिहिले, तोही पुढे १८८० साली त्याच फिजीचा गव्हर्नर झाला. ही माणसे ढोंगी नव्हती. त्यांची खरोखरच अशी समजूत होती की, पद्धत मुळात ठीक आहे, अंमलबजावणी वाईट आहे. चांगले नियम केले, चांगले अधिकारी नेमले की झाले. चौकशी करणारा जो प्रश्न विचारतो, त्याचेच उत्तर त्याला मिळते. 'यात सुधारणा कशी करावी?' असे विचारले की सुधारणांची यादी हाती येते. 'हे असावे की नसावे?' हा प्रश्न त्या यादीत कोठेच नसतो.

याच संदर्भात एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. ती आपल्या घरचीच आहे. महाराष्ट्रात वसंत व्याख्यानमालेची प्रथा ज्यांनी घालून दिली, त्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८९३ साली पुण्याच्या औद्योगिक परिषदेत हिंदी लोकांच्या परदेशगमनावर एक निबंध वाचला होता. देशातील शेतीवरचा भार आणि दुष्काळ यांनी गांजलेल्या गरिबांना हा एक दिलाशाचा मार्ग आहे, असा त्यांचा एकूण सूर होता. रानड्यांच्या अंतःकरणातील गरिबांविषयीच्या कळवळ्याबद्दल कोण शंका घेईल? पण त्यांच्यापुढे साधने होती ती वसाहतींच्या सरकारी अहवालांची. त्यांत मजुरांच्या बचतीचे आणि गावी धाडलेल्या पैशाचे आकडे होते. लाइनीतली रात्र त्या आकड्यांत दिसत नव्हती. एवढा साक्षेपी अभ्यासकही कागदाच्या पलीकडे पाहू शकला नाही, याचा अर्थ रानडे कमी पडले असा मी करीत नाही. कागद कोणी लिहिला हे विचारल्यावाचून कागद वाचू नये, एवढाच मी करतो.

गुरूचे उत्तर शिष्याने दुरुस्त केले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी २५ फेब्रुवारी १९१० रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव आणला की, नाताळसाठी गिरमिटियांची भरती बंद करावी. सरकारने तो मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती थांबली. नाताळात गिरमिट संपलेल्या माणसावर दरसाल तीन पौंड डोईपट्टी होती. म्हणजे एक तर पुन्हा गिरमिट लिहून दे, नाही तर देश सोड. ४ मार्च १९१२ रोजी गोखल्यांनी पुढचे पाऊल टाकले आणि सर्वच वसाहतींसाठी ही पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. त्यांनी तोच सरकारी कागदपत्रांचा ढीग घेतला, पण प्रश्न बदलला. अनोळखी देशात, अनोळखी मालकाकडे, न समजलेल्या अटींवर, फौजदारी शिक्षेच्या धाकाखाली माणसाला बांधून घालणे हा करार म्हणावा काय? दोन्ही पक्ष समान नसतील, तर अंगठ्याला संमती म्हणावी काय? ठरावाच्या बाजूने २२ मते पडली. सरकारी बहुमताने तो फेटाळला. हा ठराव आपण पुन्हा पुन्हा आणू, असे गोखल्यांनी बजावून ठेवले. परंतु १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला.

त्या सुमारास मजूर स्वतःच बोलू लागले होते, ही गोष्ट इतिहासात बहुधा झाकली जाते. तोताराम सनाढ्य हे १८९३ साली गिरमिटिया म्हणून फिजीला गेले आणि १९१४ साली परत आले. बनारसीदास चतुर्वेदी यांच्या साहाय्याने त्यांनी आपल्या एकवीस वर्षांची कहाणी हिंदीत छापली. त्याआधी १९१३ साली कुंती नावाच्या एका मजूर स्त्रीची हकीकत कलकत्त्याच्या 'भारतमित्र' पत्रात आली होती. मळ्याच्या एकांत भागात कामास लावून गोऱ्या ओव्हरसियरने तिच्यावर हात टाकला, तेव्हा तिने नदीत उडी घेतली. एका मुलाने होडीतून तिला वाचवले. ही हकीकत वाचून हिंदुस्थानभर संताप उसळला. हजार आकड्यांनी जे केले नाही ते एका निरक्षर बाईच्या निवेदनाने केले.

सरकारनेही चौकशी केलीच. १९१३ साली मुंबई इलाख्यातील आय. सी. एस. अधिकारी जेम्स मॅक्नील आणि त्यांचे सहकारी चिमनलाल यांना वसाहतींत पाठविण्यात आले. त्यांचा अहवाल प्रामाणिक आहे, हे मुद्दाम सांगतो. त्यांनीच आत्महत्यांचे आकडे दिले. फिजीतील प्रौढ गिरमिटियांत दर दहा लाखांमागे नऊशेंहून अधिक आत्महत्या. ज्या मद्रास आणि संयुक्त प्रांतांतून ही माणसे गेली, तेथे हेच प्रमाण शंभराच्या आत. इतका भयंकर आकडा छापूनही त्यांचा निष्कर्ष काय? फायदे तोट्यांहून अधिक आहेत. सुधारणा कराव्या आणि पद्धत चालू ठेवावी!

याच अहवालाची प्रत जवळ ठेवून चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज आणि विल्यम पिअर्सन हे दोघे १९१५ च्या अखेरीस फिजीला गेले. दोघेही इंग्रज. गोखल्यांच्याच प्रेरणेने ते याआधी दक्षिण आफ्रिकेत जाऊन आले होते. त्यांची कामाची रीत पाहण्यासारखी आहे. फिजीला जाण्यापूर्वी त्यांनी हिंदुस्थानातच भरतीचे डेपो पाहिले, परत आलेल्या मजुरांना गाठले. मग फिजीत ते मळेवाल्यांना भेटले, अधिकाऱ्यांना भेटले, आणि लाइनीत जाऊन मजुरांशी मालकाच्या कानाआड बोलले. मालकांची बाजूही त्यांनी नोंदवली; जेथे मळा नीट चालवला होता तेथे तसे लिहिले. त्यामुळे त्यांच्यावर एकांगीपणाचा आरोप सहज करता येईना. आणि निष्कर्ष मात्र त्यांनी नि:संदिग्ध काढला : दोष मळ्याचा नाही, मालकाचा नाही, गिरमिटाचा आहे, तेच बंद झाले पाहिजे.

मॅक्नील आणि अँड्र्यूज यांच्यात खरा फरक कोणता? एक हृदयशून्य व दुसरा दयाळू, असे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. मॅक्नील यांनी आत्महत्या तोट्याच्या रकान्यात मांडली आणि मजुरी व बचत फायद्याच्या रकान्यात, आणि बेरीज-वजाबाकी केली. अँड्र्यूज यांनी विचारले की, माणूस फास लावून घेतो ती गोष्ट कोणत्या नाण्यात मोजून दुसऱ्या रकान्यातून वजा करता? जमाखर्चात जे मांडता येत नाही त्यालाच आपण हक्क म्हणतो. कैवार म्हणजे चौकशीला लावलेली भावनेची फोडणी नव्हे. चौकशी प्रामाणिकपणे शेवटपर्यंत नेली की तिच्या टोकाला कैवार उभा असतो.

पुढची हकीकत भराभर सांगतो. २० मार्च १९१६ रोजी पंडित मालवीयांनी कायदेमंडळात गोखल्यांचाच ठराव पुन्हा आणला, आणि लॉर्ड हार्डिंज यांनी तत्त्वतः तो मान्य केला. पण पद्धत आणखी पाच वर्षे चालू ठेवण्याचे घाटते आहे, असे पुढे कळले. १९१७ च्या आरंभी देशभर सभा झाल्या. सरोजिनी नायडू अलाहाबादला बोलल्या, स्त्रियांचे शिष्टमंडळ व्हाइसरॉयला भेटले, गांधीजींनी ३१ मे ही मुदत घातली. मार्च १९१७ मध्ये सरकारने भरती थांबवली. अँड्र्यूज त्याच वर्षी पुन्हा फिजीला गेले, आणि १९२० च्या जानेवारीत फिजीत उरलेली गिरमिटे रद्द झाली.

कथा येथे संपली असती तर टाळ्या वाजवून आपण घरी गेलो असतो. पण ती येथे संपत नाही.

परतीचा हक्क असलेले हजारो गिरमिटिये मोठ्या आशेने मायदेशी आले. गावाने त्यांना घरात घेतले नाही. समुद्र ओलांडलेला, जात मोडलेला, बायको दुसऱ्या जातीची, मुलांची भाषा वेगळी. साठवलेला पैसा भाऊबंदांनी, पुरोहितांनी आणि दंडाच्या जेवणावळींनी संपवला. शेवटी ही माणसे कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथे गोळा झाली आणि ज्या जहाजाने आलो त्याने परत न्या, असे म्हणू लागली. आपल्याच देशात ती निर्वासित झाली होती! १९२१ मध्ये त्यांपैकी काहींना खरोखरच फिजीला परत नेण्यात आले. गिरमिट बंद पाडण्यासाठी ज्याने रक्त आटवले, त्या अँड्र्यूज यांनाच या लोकांना परत पाठविण्यासाठी खटपट करावी लागली. पुढे १९३१ साली भवानीदयाळ संन्यासी आणि बनारसीदास चतुर्वेदी यांनी दक्षिण आफ्रिकेतून परत आणलेल्या लोकांची पाहणी केली, तेव्हाही असेच चित्र दिसले.

असे का झाले? माझे मत स्पष्ट सांगतो. गिरमिटाविरुद्धची आपली चळवळ मोठ्या अंशी राष्ट्राच्या अब्रूच्या नावाने चालली. हिंदी माणसाला 'कुली' म्हणतात, हिंदी स्त्रीची विटंबना होते, म्हणून आपण पेटलो. त्यात गैर काही नाही. त्या भावनेवाचून विजय मिळाला नसता. पण अब्रू राष्ट्राची होती, आणि पाठीवरचा मार त्या माणसाचा होता. राष्ट्राची अब्रू राखली गेल्यावर आपण निश्चिंत झालो. तो माणूस मात्र मटियाबुर्जच्या चिखलात उभा होता. कुंतीच्या हकिकतीवर सभा गाजवणाऱ्या किती घरांनी परत आलेल्या कुंतीला पाण्याचा तांब्या दिला असता? कैवार माणसाचा घ्यायचा असतो. तो आपल्या अभिमानासाठी घेतला, तर आपला अभिमान शांत होताच संपतो.

साखरेपासून बोलायला आरंभ केला, तेव्हा साखरेपाशीच थांबतो. आपल्या महाराष्ट्रात दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, ऊसतोडीसाठी लाखो माणसे बाहेर पडतात. मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. उचल फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. हे गिरमिट नव्हे. येथे समुद्र नाही, शिक्षेचा तो कायदा नाही. सरसकट तुलना करणे म्हणजे द व्होची चूक पुन्हा करणे होईल. पण २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांविषयी बोभाटा झाला आणि राज्य सरकारला समिती नेमावी लागली, तेव्हा मला फिजीच्या लाइनी आठवल्या. आणि २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून पायी निघालेली कुटुंबे आपण सर्वांनी पाहिली. आपल्या शहरात किती परगावची माणसे राबत होती, हे ती निघून चालली तेव्हा आपल्याला कळले.

म्हणून माझे मागणे लहानसे आहे. आपणांपैकी प्रत्येकाला अँड्र्यूज होता येणार नाही. पण अहवाल हाती आला की तो कोणी लिहिला, कोणाला विचारून लिहिला, मालकाच्या कानाआड विचारले की समोर, एवढे तरी आपण विचारू शकतो. आणि बाहेरगावाहून आलेला माणूस आपल्या गल्लीत राहायला आला, तर त्याला पाणी, जागा आणि सरळ उत्तर देऊ शकतो. मटियाबुर्जला नेमके तेवढेच कमी पडले होते.